शहराच्या वेशीवर शेतकऱ्यांचा आमदार हवा

औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) कडेच्या चिकलठाण्याच्या शिवारात औद्योगिक वसाहत उभी राहिली, विमानतळ झाला, गाव महापालिकेत गेलं. अशा गावांच्या आसपास आजही शेती करणाऱ्यांची बाजू विधानसभेत कोण मांडणार, हा प्रश्न भाजप नेते हरिभाऊ बागडे यांच्या वाटचालीतून नेमका पुढे येतो. चित्तेपिंपळगावचे बागडे १९८५मध्ये औरंगाबाद पूर्वमधून पहिल्यांदा आमदार झाले. तेव्हा त्या मतदारसंघात खेड्यांचं वजन मोठं होतं. २००८च्या मतदारसंघ पुनर्रचनेत ‘पूर्व’ शहरी झाला आणि बागडे फुलंब्रीतून लढू लागले. पुढे ते विधानसभेचे अध्यक्ष झाले, २०२४मध्ये राजस्थानचे राज्यपाल झाले. नेत्याला दुसरा मतदारसंघ सापडला. शहराच्या कडेला राहिलेल्या शेतकऱ्याला तशी सोय नसते.

२००४ आणि २००९मध्ये हरूनही बागडे २०१४ला निवडून आले. पक्षाची लाट हे एक कारण होतंच, पण शेतकऱ्यांशी रोजचा व्यवहार असलेल्या कामाचाही त्यात वाटा आहे, असं मला वाटतं. त्याआधी शिवसेना-भाजप युती सरकारात त्यांनी रोजगार हमी आणि फलोत्पादन ही खाती पाहिली. १९९०पासून फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेल्याने स्वतःच्या रानात खड्डे खोदण्याची मजुरीही शेतकऱ्याला मिळू लागली होती. जिल्हा दूध संघाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. दूध घालणारा माणूस भाव, फॅट आणि पगाराचा हिशेब विचारायला पाच वर्षं थांबत नाही.

दूध संघासारख्या सहकारी संस्था पुढाऱ्यांच्या जहागिरी होतात, हा आक्षेप खरा आहे. त्यावर वेळेवर निवडणुका आणि कडक लेखापरीक्षण हाच उपाय. संस्था मोडल्या तर उत्पादक एकटा पडतो. दुसरा आक्षेप असा की, शहरालगतचा शेतकरी जमीन विकून श्रीमंत होतो, त्याला प्रतिनिधी कशाला? पण जमिनीचा पैसा एकदाच आणि मालकालाच मिळतो. बटाईदार आणि शेतमजूर यांच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही. सुखना नदीत शहराचं आणि कारखान्यांचं सांडपाणी मिसळतं, तेव्हा खालच्या गावांच्या विहिरी नासतात. त्या गावांना महापालिकेत मतही नाही. म्हणून शहरी मतदारसंघातल्या उमेदवाराकडेही सुखनेचं पाणी, भूसंपादनाचा मोबदला आणि दुधाचा भाव यांवर लेखी भूमिका मागितली पाहिजे. ती न देणाऱ्याला मत मागण्याचा अधिकार नाही.