आधी ब्रेक, मग वेग
वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली फियाट ११०० दुरुस्त होऊन, नवा रंग लेवून गॅरेजातून बाहेर येते आणि मालकाला वाटतं, आता थेट खंडाळा गाठावा. माझं कळकळीचं सांगणं आहे, पहिली फेरी घराजवळच्या मोकळ्या रस्त्यावर, भल्या पहाटे घ्या. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या या गाडीच्या १०८९ सीसी इंजिनात नव्या रिंगा घातल्या असतील, तर ते लगेच ताणू नका. वेग कमीजास्त करत राहिलं की रिंगा सिलिंडरशी नीट बसतात. ब्रेक ड्रमचे आहेत. नवे लायनर ड्रमला पूर्ण टेकेपर्यंत गाडी थांबायला जास्त अंतर घेते. टाकीतला जुना गंज पेट्रोलच्या फिल्टरमध्ये अडकतो, म्हणून एक जादा फिल्टर सोबत असू द्या. परतल्यावर बॉनेट उघडून तेल, पाणी आणि होजपाइप तपासा. पन्नाशी ओलांडलेल्या, मूळ रूप जपलेल्या गाड्यांना २०२१च्या केंद्रीय नियमांनी वेगळी ‘व्हिंटेज’ नोंदणी दिली, पण त्या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं किंवा देखभाल अशा ठरावीक कामांपुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. इतक्या मोजक्या संधी असताना पहिल्याच दिवशी तिला दमवण्यात काय अर्थ? तिला हळूहळू रस्त्याची सवय होऊ द्या, मग खंडाळ्याचा घाटही ती आनंदानं चढेल.