दोन फुलांचा न्याय

परवा भाच्याने आग्रहाने मुंबईस बोलावून घेतले आणि एका उपाहारगृहात जेवावयास नेले. जागा उपनगरातल्या साध्या गल्लीत. मुंबई पाहावयास आलेला प्रवासी तिकडे चुकूनही फिरकावयाचा नाही. काचेपलीकडे पोलादी टाक्यांत बिअर तयार होत होती, अलीकडे शेजारपाजारची कुटुंबे जेवत होती. नाचणीचे थालीपीठ, बोंबलाची भजी आणि बिअरमध्ये चक्क कोकम! भाचा म्हणाला, "मामा, इथलं सगळं स्थानिक असतं बरं का!"

आम्ही आपली सोलकढी मागवली. जेवण झकास होते, हे आधीच कबूल करतो. आमचे भांडण जेवणाशी नाही. 'स्थानिक' या शब्दाशी आहे.

बिअर होते मोड आलेल्या सातूची. तिला कडवटपणा येतो हॉप नावाच्या थंड मुलखातल्या वेलीच्या फुलाने. त्यात चिमूटभर कोकम पडले की ती स्थानिक! महाराष्ट्रातली अशी पहिली छोटी बिअरभट्टी 2009 साली पुण्यास निघाली. तिचे नाव 'डूलाली'. हा शब्द आपल्या देवळालीचा. तिथल्या छावणीत मायदेशीच्या बोटीची वाट पाहून गोऱ्या शिपायांची डोकी फिरत, म्हणून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे चक्रम. नाव सुरेखच आहे. पण देवळालीलाही साहेबाच्या तोंडातून फिरून यावे लागते, तेव्हा कुठे तिला पुण्यात मान मिळतो!

आता आमच्या कडावकडे या. कर्जत तालुक्यातले हे गाव. माथेरानचे प्रवासी नेरळास उतरून वर जातात. आमच्याकडे येतात ते गणपतीचे भाविक आणि शेतघरांचे मालक. चैत्रात रानात मोहाची फुले टपटप गळतात. कातकरी आणि ठाकर बायका पहाटे टोपल्या घेऊन ती वेचतात, उन्हात वाळवतात. टंचाईच्या दिवसांत याच फुलांनी पोटे भरली. बियांचे तेल निघते. आणि हो, दारूही निघते. ते कशाला लपवावयाचे?

तेवढ्यावरून सरकारने या फुलाला गुन्हेगार ठरवले. 1878 च्या अबकारी कायद्याने घरची भट्टी बंद केली, 1892 च्या मोहाच्या कायद्याने फूल बाळगण्यावरच निर्बंध आणले. साहेबाला लोकांच्या प्रकृतीची काळजी नव्हती. त्याला महसूल हवा होता. साहेब गेला, 1949 चा दारूबंदी कायदा आला. फूल गोळा करण्यावरचे निर्बंध राज्य सरकारने उठवले, ते 2021 साली!

कोणी म्हणेल, "हातभट्टीचे विष तुम्हांस हवे काय?" मुळीच नको. 2015 साली मालवणीत शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांचा जीव घेतला मिथेनॉलने, मोहाने नव्हे. जे लपून करावे लागते त्यात कोण काय मिसळतो, हे पाहावयास कोणी नसते. काचेच्या भिंतीआड उघड्यावर करू द्या, मग तपासा की! गोव्याने काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळवून दिले. मध्य प्रदेशाने आदिवासींच्या मोहाच्या दारूला 'वारसा' म्हटले. आम्ही मात्र नाकाला पदर लावून बसलो आहो.

दारूने उजाड झालेली घरे आम्ही पाहिली आहेत. म्हणून गावातल्या बायकांना मतदानाने 'बाटली आडवी' करण्याचा जो हक्क आहे, तो आम्हांस प्राणापलीकडे प्रिय आहे. तो मोहाच्या भट्टीस लागू असावा आणि पोलादी टाकीसही. न्याय दोघांना एकच हवा.

उद्या कडावच्या रस्त्यावर असे उपाहारगृह निघेल. खुशाल निघो! पण ताटात कर्जतच्या भातसंशोधन केंद्रातून निघालेल्या वाणाचा भात असावा, फुले वेचणारीला रोख आणि रास्त दाम मिळावा, मोहाचा रीतसर परवाना तिच्या बचतगटाला मिळावा आणि संध्याकाळी तिला तिथे खुर्चीवर बसून जेवता यावे. ती फाटकाबाहेर आणि तिचा नवरा फाटकावर पहारेकरी, असे असेल तर त्या पाटीवरचा 'स्थानिक' हा शब्द पुसून टाका.

तोवर यंदाच्या फराळात चकलीशेजारी मोहाच्या फुलांचा एक लाडू ठेवा. त्याला परवाना लागत नाही. फक्त नाक मुरडणे सोडावे लागते.