बी-1च्या कलम 30 मध्ये लवाद शोधू नका

वडनेर भोलजीच्या एका तरुण वकील वाचकाचे पत्र समोर आहे. रस्त्याच्या कंत्राटदाराचे अंतिम देयक अडकले. आधीच्या वकिलांनी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बी-1 कराराच्या कलम 30 खाली लवाद नेमण्याची नोटीस दिली, मग उच्च न्यायालयात अर्ज केला. तो फेटाळला जाईपर्यंत दाव्याची तीन वर्षांची मुदत उलटली. अशी पत्रे वाचून संताप येतो.

‘विष्णू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 सालीच ठरवून दिले, की कलम 30 हा लवाद करार नव्हे. अधीक्षक अभियंत्याचा निर्णय ‘अंतिम व बंधनकारक’ म्हटल्याने तो लवाद होत नाही. तरी नोटिशीचा जुना मसुदा आपल्या दप्तरातून हलत नाही. मग मुदत कायद्याच्या कलम 14 चा आसरा शोधायचा. पण इतक्या वर्षांनी सद्हेतू कसा पटवणार?

खात्याचा कारभारही अजब. कार्यकारी अभियंत्याने देयक रोखायचे आणि निर्णय त्याच्याच वरिष्ठाने द्यायचा! त्यावर मुख्य अभियंत्याकडे अपील करायला कंत्राटदाराला तीसच दिवस. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने तर 3 जून 2024 च्या ज्ञापनात सरकारी खरेदी करारांतील लवाद सरसकट नको, शक्यतो दहा कोटींखालच्या वादांपुरताच ठेवा, असे सांगितले आहे. वाद न्यायालयांकडेच वळणार.

तरुण वकिलांनो, ही तुमची संधी आहे. तीन लाख वा त्यावरचा बांधकाम कराराचा वाद व्यापारी न्यायालयात जातो. तातडीचा अंतरिम दिलासा नको असेल, तर व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम 12-अ ची मध्यस्थी आधी. शासन प्रतिवादी असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची नोटीसही. वडनेरवरून जाणाऱ्या महामार्गाला मुरूम-गिट्टी पुरवणारा पोटकंत्राटदार आला, तर मूळ करारातला लवाद गृहीत धरू नका. त्याचा स्वतःचा कार्यादेश वाचा. मोजमाप पुस्तिकेची नक्कल, मुदतवाढीचे अर्ज, जादा बाबींची मंजुरी मागा. मोजमापाखाली त्याने ‘मान्य’ लिहून सही केली की हरकत नोंदवून, हे स्वतः पाहा. साईटवर जा, अभियंत्याजवळ बसून दरपृथक्करण शिका. खामगाव-मलकापुरात हे काम जाणणारा वकील रिकामा बसणार नाही.

आणि कलम 30 ची नोटीस देऊन उत्तराची वाट पाहत थांबलेल्या फायली ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांनी आजच त्या काढून मुदतीची तारीख तपासावी.