चिठ्ठीची सक्ती आणि रोकडीला दंड

मोठ्या दुकानात मालाला डकवलेली चोरीविरोधी चिठ्ठी सोलून पाहिली, तर प्लास्टिकच्या पापुद्र्यावर ॲल्युमिनियमच्या वर्खाची चौकोनी वेटोळी दिसतात. ही वेटोळी व त्यांना जोडलेला चिमुकला कपॅसिटर मिळून बहुधा ८.२ मेगाहर्ट्‌झच्या लहरींना साद देतात आणि दारातल्या खांबांमधून माल गेला की घंटा वाजते. पैसे चुकते होताच गल्ल्यावर ती चिठ्ठी निकामी केली जाते. माल विकला की नाही, एवढेच तिला ठाऊक; गिऱ्हाईक कोण, हे ती विचारीत नाही.

तिची धाकटी बहीण मात्र पुष्कळ अधिक चौकस आहे. तिच्या अँटेनाला चिप जोडलेली असते. बॅटरी नसते, वाचकयंत्राच्याच लहरींतून शक्ती घेऊन ती स्वतःचा स्वतंत्र क्रमांक परत पाठवते. अमेरिकेतील लॉस अलामॉस या सरकारी प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात या विद्येवर मोलाचे काम झाले. पुढे तिचा धंदा खाजगी कंपन्यांनी केला. २००३ साली वॉलमार्टने आपल्या शंभर बड्या पुरवठादारांना जानेवारी २००५पासून खोक्यांवर अशा चिठ्ठ्या लावण्याचे फर्मान काढले. चिठ्ठीचा खर्च पुरवठादाराचा, चोख मोजदादीचा लाभ दुकानदाराचा!

आपल्याकडे हीच चिठ्ठी फास्टॅग म्हणून मोटारीच्या काचेवर आली. फेब्रुवारी २०२१मध्ये राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर ती सक्तीची झाली आणि रोख देणाऱ्यावर दुप्पट आकारणी बसली. नोव्हेंबर २०२५पासून चिठ्ठी नसलेल्याने यूपीआयने पैसे दिले तर सव्वापट, रोखीने दिले तर मात्र दुप्पटच. नाक्यावरचा खोळंबा कमी झाला, इंधन वाचले, हे मान्य केलेच पाहिजे. यंत्राला सरसकट शिव्या देणे हे समाजवाद्यांचे काम नव्हे. परंतु देशाचे कायदेशीर चलन पुढे करणाऱ्या टेंपोवाल्याला दंड कोणत्या न्यायाने? प्रीपेड खात्यात त्याने आगाऊ भरलेल्या रकमेवर त्याला व्याज मिळत नाही. शिवाय कोणते वाहन कोणत्या नाक्यावरून केव्हा गेले, याची नोंद उरतेच. आणि २०२३च्या विदा संरक्षण कायद्याने सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला आहे.

वाहतूकदारांच्या आणि चालकांच्या संघटनांत काम करणाऱ्यांनी येथे तीन मागण्या लावून धराव्यात : रोखीवरील दंड रद्द व्हावा, प्रवासाच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर पुसल्या जाव्यात, आणि पावत्या फाडण्याचे काम गेलेल्या कंत्राटी कामगारांना त्याच महामार्गावर देखभालीच्या कामात सामावून घ्यावे.