‘शिकवला की पळतो’

भोसरी, अंबड, गोकुळ शिरगाव... एमआयडीसी कुठलीही असो, प्रशिक्षणाचा विषय काढला की लघुउद्योजकाचं उत्तर ठरलेलं असतं : ‘‘पोराला आम्ही शिकवायचं आणि चार पैसे जास्त मिळाले की त्यानं शेजारच्या कंपनीत जायचं!’’ तक्रार खोटी नाही. मुलं जातात. पण तुमच्याकडचा सेटर तरी कुठे शिकला? दुसऱ्या कुणीतरी घडवलेलाच माणूस तुम्ही उचललात ना? शिवाय मुलगा शिकला म्हणून पळत नाही. शिकूनही काम तेच आणि पगारही तोच राहतो, म्हणून पळतो. न शिकवलेला मात्र टिकतो, आणि निवृत्त होईपर्यंत स्क्रॅप काढतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार : ‘वीस वर्षांचा अनुभव असताना वर्ग कशाला हवेत?’ सीएनसीवर बोअर करणाऱ्या कसलेल्या ऑपरेटरकडे बघा. माप हवं 25.00 मिलिमीटर. नग 25.01 आला की तो ऑफसेट कमी करतो, पुढचा 24.99 आला की पुन्हा वाढवतो. माणूस प्रामाणिक आहे, दिवसभर राबतो. पण एवढा चढउतार त्या मशीनच्या स्वभावातच असेल, तर प्रत्येक नगामागे केलेली ही दुरुस्तीच मापं विस्कटते. प्रक्रिया स्थिर असताना दर वेळी पूर्ण चूक भरून काढायला गेलं, तर मापांचं प्रचरण (व्हेरिअन्स) दुप्पट होतं. हा संख्याशास्त्राचा साधा हिशेब आहे. टूल घासून माप एकाच दिशेला सरकत असेल, तर ऑफसेट द्यायलाच हवा. हात कधी लावायचा आणि कधी आवरायचा, हे कंट्रोल चार्ट सांगतो. नुसत्या अनुभवातून ते कळत नाही. उलट तीच चूक वीस वर्षांत हातात मुरते.

तिसरे म्हणतात, आमच्याकडे ट्रेनिंग होतंच. होतं खरं, फायलीत! ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी एचआरचा मुलगा स्किल मॅट्रिक्सच्या फळ्यापुढे मार्कर घेऊन उभा असतो आणि नावापुढच्या वर्तुळाचे चारही पाव भाग काळे करत जातो. ज्याचं कौशल्य रंगवलं जातंय, तो सेकंड शिफ्टला मशीनवर असतो. त्याला पत्ताही नसतो.

खरी गोम वर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत हजारो इंजिनिअरांना संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रण शिकवलं गेलं, पण वरिष्ठ व्यवस्थापन त्यापासून लांब राहिलं आणि युद्धानंतर ते सगळं विझून गेलं. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी हा धडा लक्षात ठेवला. 1950 साली जपानमध्ये ते इंजिनिअरांपुढे बोललेच, पण कंपन्यांच्या प्रमुखांनाही त्यांनी समोर बसवलं. 2003 मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला त्यांच्याच नावाचं, गुणवत्तेसाठीचं डेमिंग पारितोषिक मिळालं. ते काही सुपरवायझरांना हॉटेलातल्या दोन दिवसांच्या शिबिराला धाडून मिळत नाही.

म्हणून शिकण्याची सुरुवात केबिनमधून व्हावी. मालकाला कंट्रोल चार्ट वाचता आला पाहिजे. रिजेक्ट झालेल्या एका नगात धातू, मशीनचा वेळ आणि मजुरी मिळून किती रुपये गेले, हे त्याला स्वतः मांडता आलं पाहिजे. नाहीतर बिघडलेल्या मापाबद्दल तो ऑपरेटरवर ओरडेल आणि ऑपरेटर पुन्हा ऑफसेटला हात घालेल. शिकवायची रीतही नवी शोधायला नको. कामाचे टप्पे पाडा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या आणि नंतर पाठपुरावा करा. ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या अमेरिकी उपक्रमाने युद्धकाळात हेच केलं, आणि पुढे टोयोटानेही ते उचललं.

तेव्हा उद्योजकहो, यंदाच्या प्रशिक्षणाच्या यादीत पहिलं नाव स्वतःचं घाला. वर्ग मशीनशेजारी भरवा. आणि शिकून तयार झालेल्या मुलाचा पगार तुम्हीच वाढवा, शेजाऱ्याने वाढवायच्या आत.