काट्याला काय कळतं?



गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळची प्रार्थना चालू होती. सातवीच्या रांगेतला एक मुलगा डुलायला लागला आणि मटकन खाली बसला. आपण त्याला बाळू म्हणू. खरं नाव सांगत नाही, कारण तोही हा अंक वाचतो!

त्याला वर्गात आणून बसवलं, पाणी दिलं. "सकाळी काय खाल्लंस?" "काही नाही, बाई." "आणि काल रात्री?" बाळू गप्प. दप्तर उघडलं तर आदल्या दिवशीचा डबा जशाच्या तसा. मग हळूच म्हणाला, "बाई, घरी सांगू नका. पण पाच दिवसांत दोन किलो उतरलोय!" आणि एवढ्या अशक्तपणातही स्वारी खुशीत!

बाळू तालमीत जातो. शालेय कुस्त्या वजनगटाप्रमाणे होतात. खालच्या गटात उतरलास तर सहज जिंकशील, असं त्याला कुणी मोठ्या मुलाने सांगितलं. शिवाय गल्लीतली पोरं त्याला 'ढोल्या' म्हणायची. झालं! पठ्ठ्याने जेवणच सोडलं. घरी सांगायचं, शाळेत खाल्लं. शाळेत सांगायचं, घरून खाऊन आलो.

आता मला सांगा, बाळूचे जे दोन किलो गेले, ते कशाचे गेले? तुम्ही म्हणाल, चरबीचे. चला, गणित करूया.

एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरींचा साठा. दोन किलोंच्या झाल्या 15,400. बाळूच्या वयाच्या मुलाला दिवसाला दोन-सव्वादोन हजार कॅलरी लागतात. म्हणजे पाच दिवस अन्नाचा कणही खाल्ला नाही, तरी दोन किलो चरबी जळत नाही. आणि बाळू थोडंफार खातच होता. मग बाकीचं काय गेलं? बरंचसं पाणी आणि थोडे स्नायू. स्नायू म्हणजे आपल्या अंगातलं मांस, ज्याच्या जोरावर आपण पळतो, उचलतो, कुस्ती खेळतो. काट्याला यातलं काही कळत नाही. त्याच्या दृष्टीने पाणी, हाड, मांस, चरबी सगळं सारखंच. तो फक्त आकडा दाखवतो.

मोठ्या पैलवानांनाही हा काटा चुकलेला नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट 50 किलो गटात एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन भरलं फक्त 100 ग्रॅम जास्त, आणि ती स्पर्धेतून बाद झाली. रात्रभर तिने व्यायाम केला होता, खाणंपिणं बंद ठेवलं होतं, केससुद्धा कापले होते. त्याच ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावतने एका रात्रीत साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवलं आणि 57 किलो गटात कांस्यपदक मिळवलं. वर केलं तेच गणित इथे करून बघा. एका रात्रीत साडेचार किलो चरबी जाणं शक्यच नाही! तो मुख्यतः घाम होता, म्हणजे पाणी. हे दोघेही मोठे, मुरलेले खेळाडू, दिमतीला प्रशिक्षक आणि डॉक्टर. तरीही शरीराचे हाल होतातच. वाढत्या वयाच्या मुलांनी याची नक्कल मुळीच करायची नाही.

मग चरबी कमी होऊन स्नायू टिकावेत, यासाठी काय करायचं? शरीराची रीत समजून घ्या. चुलीला लाकूडफाटा कमी पडला तर शहाणा माणूस अंगणातल्या मोळीतून काढतो. पण चूल पार विझायची वेळ आली तर तो घराचे वासेही ओढायला लागतो. चरबी ही मोळी आणि स्नायू हे वासे. एकदम उपाशी राहिलं की मोळीबरोबर वासेही जळतात. वासे वाचवायचे तर तीन गोष्टी लागतात.

पहिली गोष्ट, स्नायूंना काम द्या. जो स्नायू रोज राबतो, त्याला शरीर सहसा हात लावत नाही. दंड, बैठका, सूर्यनमस्कार, दोरीवर चढणं हे आपल्या तालमीतले जुने व्यायाम त्यासाठीच आहेत. त्यांना ना यंत्र लागतं ना पैसा. नुसतं पळून दम वाढतो, पण ताकदीचा व्यायामही हवा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं तरी चांगली दमछाक होईल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून निदान तीन दिवस ताकदीचा व्यायाम करावा. खो-खो, लंगडी, सायकल, सगळं त्यात आलं.

दुसरी गोष्ट, स्नायूंना खायला द्या. स्नायू बनतात प्रथिनांपासून. त्यासाठी डब्यातली महागडी पावडर नको, आपलं सोलापुरी ताट पुरेसं आहे. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम प्रथिनं असतात, तेवढ्याच डाळीत सुमारे 22 ग्रॅम. एका अंड्यात 6 ग्रॅम. गंमत बघा, ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा एक घटक कमी पडतो, आणि तोच डाळी-कडधान्यांत भरपूर असतो. म्हणून भाकरीबरोबर मटकीची उसळ किंवा आमटी ही जोडी पक्की! आपली शेंगाचटणीही प्रथिनांची. मात्र शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, म्हणून ती चमचाभर घ्यायची, वाटीभर नाही. सोबत दही, काकडी, मेथीची भाजी.

कमी करायचंच असेल तर भाकरी कमी करू नका. रोजचा वडापाव, बिस्किटांचे पुडे, कोल्ड्रिंक कमी करा. कोल्ड्रिंकच्या 300 मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे 30 ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. तुमच्या चहात आई इतकी साखर घालेल का?

तिसरी गोष्ट, झोप. दिवसभर राबलेल्या स्नायूंची डागडुजी विश्रांतीतच होते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना 9 ते 12 तास झोप हवी, त्यापुढच्यांना 8 ते 10 तास. मोबाईल उशाशी घेऊन ती मिळत नाही.

हे सगळं मी बाळूला सांगितलं. तो म्हणाला, "पण बाई, वरच्या गटात मी हरलो तर?" मग मी त्याला खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे हे पैलवान 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये 52 किलोच्या गटात खेळले आणि सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला ते खेळले वरच्या, 57 किलोच्या गटात. तिथे त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! वरच्या गटात गेल्याने काही बिघडलं का?

त्याच्या आईला शाळेत बोलावून सगळं सांगावंच लागलं. बाळू आधी रागावला, मग आईच्या डब्यातली भाकरी-उसळ मुकाट्याने खाल्ली. महिन्याभराने तो वरच्या गटात खेळला. पहिली कुस्ती जिंकला, दुसरी हरला. पण उतरताना पाय लटपटत नव्हते!

पालकांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. वाढत्या मुलांचं वजन घटवण्याची घाई करू नका. बऱ्याचदा वजन आहे तिथे थांबलं आणि उंची वाढत गेली, की अंग आपोआप बेताचं होतं. खरंच काळजी वाटत असेल तर डॉक्टरांना दाखवा, स्वतः उपास लादू नका. आणि घरात थट्टेनेही 'ढोल्या' म्हणू नका. तो शब्द मुलं डब्याबरोबर दप्तरात घेऊन फिरतात.

आता तुमचा गृहपाठ. आज किती बैठका आणि किती दंड न थांबता येतात ते वहीत लिहा. एक दिवसाआड करत राहा आणि महिन्याने पुन्हा मोजा. वजनकाट्याकडे मात्र महिनाभर फिरकायचं नाही!

तुमच्या बाई