लेकीच्या घरचे पाणी

आमच्या परिचयातील एक भगिनी बँकेत अधिकारी आहेत. त्यांची आई आता पंच्याहत्तरीला आली आहे. आयुष्यभर लोकांच्या शेतात खुरपणी-कापणी करून तिने या लेकीला शिकविले. ही आई लेकीच्या घरी येते, पंधरा दिवस राहते आणि निघताना नातीच्या हातावर शंभराची नोट ठेवते. नातीला तो खाऊ वाटतो. लेकीला मात्र ठाऊक आहे की, तो पंधरा दिवसांच्या जेवणाचा हिशेब आहे. लेकीच्या घरचे फुकटचे खाऊ नये, हे त्या माऊलीच्या मनात लहानपणापासून रुजलेले आहे. जिने लेकीच्या वह्या-पुस्तकांचा हिशेब कधी ठेवला नाही, ती लेकीच्या घरच्या भाकरीचा हिशेब ठेवते!

हा एका घरचा प्रश्न नाही. आज आपल्या समाजातील हजारो मुली शिक्षिका, परिचारिका, कारकून, अधिकारी म्हणून ताठ मानेने उभ्या आहेत. त्यांच्यामागे अशाच आयांचे कष्ट आहेत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना जातीची खूण सांगणारा पेहराव टाकण्यास आणि मुलींनाही शिकविण्यास सांगितले. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी मुलांना शिकवा, लग्नाची घाई करू नका, असा उपदेश केला. तो ऐकणाऱ्या बहुतेक स्त्रियांना अक्षरओळख नव्हती. पण त्यांनी तो आपल्या लेकींच्या हाती पाटी देऊन अमलात आणला. उर्मिला पवार यांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचे नाव ‘आयदान’ आहे. आयदान म्हणजे बांबूच्या सुपल्या-टोपल्या. पतीच्या निधनानंतर त्यांची आई आयदाने विणून घर चालवीत असे. आईच्या विणकामाचे नाव लेकीने आपल्या लेखनाला दिले. ऋण मान्य करण्याची याहून प्रामाणिक रीत कोणती?

मग अशा आईला लेकीच्या घरी परके का वाटावे? याचे मूळ शोधले पाहिजे. मनुवादी व्यवस्थेत मुलगी ही दान देण्याची वस्तू आहे. दान दिलेल्या वस्तूचा उपभोग दात्याने पुन्हा घ्यायचा नसतो. म्हणून लेकीच्या घरचे पाणीसुद्धा प्यायचे नाही! या रूढीत लेकीचा अपमान आहे आणि आईचाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपण बौद्ध पद्धतीने विवाह लावू लागलो. त्यात कन्यादान नाही. परंतु कन्यादान गेले तरी त्याची सावली घरात राहिली. जिला आपण दान केलेच नाही, ती परकी कशी? आणि तिचे घर आईला परके कसे?

याच रूढीची दुसरी बाजू वडिलोपार्जित घराची वाटणी होते तेव्हा दिसते. बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते आणि माहेर तुटेल या भीतीने ती सही करते. स्त्रीच्या वारसाहक्कासाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले आणि ते रखडविले गेले तेव्हा १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्या अनुयायांच्या घरात अशी सही घेतली जावी, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. लेकीला वाटा नाही म्हणून आईला लेकीकडे जागा नाही, असा हा सरळ हिशेब आहे. कायदा मात्र पुढे गेला आहे. विवाहित मुलीवरही आई-वडिलांच्या पोषणाची जबाबदारी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सांगितले. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या निर्वाह कायद्यातही अपत्य म्हणजे मुलगा आणि मुलगी दोन्ही आहेत. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. हक्क समान असेल तर कर्तव्यही समानच असले पाहिजे.

येथे एक कटू गोष्ट सांगणे आम्हास भाग आहे. बाळंतपण आले, नोकरीवर रुजू व्हायचे आहे, घरात मूल सांभाळायला कोणी नाही, अशा वेळी आईला लेकीचे घर परके नसते. तेव्हा जावईबापूंनाही सासूबाई हव्या असतात. मूल शाळेत जाऊ लागले आणि आईचे गुडघे दुखू लागले की मग भावाची आठवण होते. आईच्या श्रमाला घर खुले आणि तिच्या म्हातारपणाला बंद, याला कृतज्ञता म्हणत नाहीत. तसेच मुलीने आईला सांभाळले म्हणून भाऊ मोकळा होत नाही. जी सून सासूची सेवा करते, तिलाही आई आहे, हे तिच्या नवऱ्याने विसरू नये.

दरवर्षी ७ फेब्रुवारीला आपण माता रमाईच्या त्यागाची गाणी गातो. गायलीच पाहिजेत. पण ज्या हातांनी आपल्यासाठी गोवऱ्या थापल्या, ते हात आपल्याच घरात थरथरत असतील तर त्यांना काय हवे, हे विचारणेही रमाईला अभिवादनच आहे. आईला देव्हारा नको आहे. तिला हक्काची खाट हवी, वेळेवर औषध हवे, तिच्या नावाचे पासबुक तिच्याच पिशवीत हवे, विहारात नेणारे कोणी हवे आणि तिचे ऐकणारा एक कान हवा. तिने पाहिलेले मोर्चे, सोसलेला दुष्काळ, ऐकलेली भाषणे कोणत्याही ग्रंथालयात नाहीत. ती आहे तोवर ते लिहून घ्या.

आमच्या त्या भगिनीने गेल्या खेपेस आईची शंभराची नोट परत केली नाही. परत केली असती तर आई दुखावली असती. त्यांनी दारावरच्या पाटीवर आपल्या आणि पतीच्या नावाखाली आईचे नाव लिहून घेतले. आईला वाचता येत नाही. नातीने तिचे बोट धरून एकेक अक्षर दाखविले. त्यानंतर निघायची तारीख आईने अजून काढलेली नाही.

अशा पाट्या आपल्या वस्त्या-वस्त्यांतून लागोत. जय भीम!